आईच्या दुधीचं बी

४ फेब्रुवारी

छोटे,

तुझं पत्र मिळालं. चार पानं. वाचायला मला दोन दिवस लागले, त्यातला एक ‘समष्टी’ म्हणजे काय ते शेजारच्या शिवणवालीला विचारण्यात गेला. तिलाही माहीत नाही. दोघी मिळून हसलो आणि पुढे गेलो.

मला कळलं ते असं. बावीस वर्षं ऑफिसात बसून तुझी झोप उडाली, म्हणून तू नवऱ्याला घेऊन शहराबाहेरच्या माळावर राहायला गेलीस. तिथं सात घरं. सातही शिकलेली. एक बँकेतला, एक कॉलेजात शिकवणारी, तुझा साहेब पूल बांधायचा. आता सगळे मिळून माती कालवता. पिकवाल तेच खाणार, एका चुलीवर शिजवणार, आणि कुणाच्या मालकीचं काही नाही. फोनसुद्धा फाटकाजवळच्या पेटीत कुलूपबंद, रविवारी एक तास उघडणार. म्हणजे तुमच्या साधेपणापायी मला या वयात पत्रं लिहायची शिक्षा.

मी मोरीचं पाणी केळीला सोडायची तेव्हा तू नाक धरून उड्या मारत जायचीस. आता तेच तुम्ही करता आणि वर पाटी लावता. लावा. पाटीला खत लागत नाही.

शेवटच्या ओळीत आईच्या दुधीचं बी मागितलंयस. अख्खं पत्र त्या ओळीसाठी होतं हे चार पानांनंतर कळलं. नाही देणार. टोमॅटो लाव, पालक लाव, मारलास तरी बाजारात नवा मिळतो. आईचं बी बाजारात मिळत नाही.

ताई


१६ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तू चिडणार हे मी गृहीतच धरलं होतं, त्यामुळे राग नाही आला.

एकदा येऊन बघ. रोज सकाळी आम्ही गोल करून बसतो आणि दिवसाची कामं ठरवतो. पाळ्या दर सोमवारी बदलतात. या आठवड्यात मी वेलांवर, पुढच्या आठवड्यात चुलीवर. म्हणजे कुणी कामाचा मालक होत नाही. आमचे काका (बँकेत मोठे अधिकारी होते, आता दाढी वाढवली आहे, ही सगळी कल्पना त्यांची) म्हणतात, माझं झाड आणि तुझं झाड इथूनच सगळी भांडणं सुरू होतात. मोठा निर्णय असला की सर्वांचं एकमत होईपर्यंत कुणी उठत नाही. माणसं एकमेकांचं इतकं शांतपणे ऐकून घेतात हे मी आयुष्यात प्रथमच पाहते आहे.

ताई, ते बी तुझ्या एकटीचं नाही. आई माझीही होती. तिच्या परसातला तो आखूड, फिकट दुधी मलाही आठवतो, साल न काढता खायचो आपण. तुझ्याकडे परसात चारपाच वेलांची जागा. उद्या तुला काही झालं तर? सात घरांत वाढलं तर टिकेल. तुझ्या परीनं तू खूप जपलंस, पण एका माणसाच्या हट्टावर अशा गोष्टी टिकत नाहीत. शांतपणे विचार केलास तर तुलाही पटेल.

तुझी
छोटी


२८ फेब्रुवारी

छोटे,

‘उद्या तुला काही झालं तर.’ बरं सुचतं तुला. ऑफिसात हेच शिकवत होते का?

बी पाठवतेय, डब्यातल्या राखेसकट. अर्धं माझ्याकडे ठेवलंय, तेव्हा जगाला वाचवल्यासारखं तोंड करून फिरू नकोस.

आता नीट वाच. गोलात वाचून दाखवू नकोस, तू वाच.

दुधीची फुलं पांढरी, दिवसभर मिटलेली, उन्हं कलली की उमलतात. ज्या फुलामागे बोटाएवढा चिमुकला दुधी असतो ते मादी, बाकी सगळे नर. दुपारी, कळी उमलायच्या आत, एक मादी आणि एक नर निवडायचा आणि दोघांची तोंडं दोऱ्यानं बांधायची. हलक्या हातानं, पाकळी फाटता कामा नये. उन्हं कलली की दोन्ही सोडायची, नराची भुकटी मादीला नीट फासायची आणि मादीचं तोंड परत बांधायचं. देठाला लाल दोरा, म्हणजे ओळखू येतो. तेवढाच दुधी बियाण्याला. तो वेलावरच वाळू द्यायचा, हलवला की आत बी खुळखुळलं पाहिजे. बाकीचे खा, वाटा, गुरांना घाला.

इतकी उठाठेव का, असं तुमच्यातलं कुणीतरी विचारणारच. रात्रीची पाखरं दुसऱ्या वेलाची भुकटी आणून टाकतात म्हणून. त्या साली खाताना काही कळत नाही. पुढच्या साली ते बी पेरलं की कळतं.

आणि पाळी-बिळी नाही. ज्यानं बांधलं त्यानंच सोडायचं. आई तापात असली तरी डोक्याला फडकं बांधून स्वतः जायची. मला एकदाही म्हणाली नाही की आज तू बघ.

ताई


२० मे

प्रिय ताई,

अगं काय जोमात आलेत वेल! मांडव साहेबांनी बांधला, पुलासारखाच भक्कम, सगळे चेष्टा करतात की त्यावरून ट्रक जाईल. दोरे बांधायला मी घेतलेत. पहिल्या दिवशी तीन फुलं फाटली, आता जमतं.

एक गंमत. काकांनी कुठूनसा तुंबा आणलाय, तो रानटी कडू भोपळा. वाळवून त्याची पाण्याची भांडी करणार, म्हणजे प्लास्टिकच्या बाटल्या कायमच्या बंद. आपल्या दुधीच्याच मांडवावर चढवलाय. दोघांची फुलं इतकी सारखी की संध्याकाळी सगळा मांडव पांढरा दिसतो. तू असायला हवी होतीस.

तुझी
छोटी


२७ मे

छोटे,

तुंबा उपट. हे पत्र हातात आहे तोवर उठ आणि उपट. चहा नंतर पी.

तुंबा आणि दुधी सख्खी भावंडं आहेत, एकमेकांची भुकटी घेतात. तुंब्याचा कडूपणा साधा कारल्यासारखा नाही, तो पोटात गेला तर माणूस आडवा होतो. आणि तू मला लिहितेस मांडव पांढरा दिसतो! सात घरांत मिळून एकालाही ठाऊक नव्हतं? बँकवाल्याला नाही, मास्तरणीला नाही, पूलवाल्याला नाही? एवढ्या डोक्यांचं गोल करून मधे ठेवता तरी काय?

भांडी हवीत तर मातीची घ्या. कुंभाराला पोट असतं.

ताई


३ जून

प्रिय ताई,

तुझं म्हणणं मी सकाळच्या बैठकीत मांडलं. एकमत झालं नाही. तुंबा सर्वांचा आहे, आणि एका कुटुंबाच्या आठवणीसाठी दुसऱ्या रोपाचा जीव घेणं काहींना पटलं नाही. मला दोन्ही बाजू समजतात.

पण तू काळजी करू नकोस. दोरे आहेत ना.

तुझी
छोटी


१९ सप्टेंबर

प्रिय ताई,

एवढे दिवस लिहिलं नाही, रागावू नकोस. कामं फार होती. भोपळे उतरवले, दोन खोल्या लिंपल्या, एक घर सोडून गेलं (त्यांना पाळ्या झेपल्या नाहीत), आता सहाच आहोत.

सोबत आपल्या दुधीचं बी पाठवते आहे, पुडीवरचं चित्र मास्तरीणबाईंनी काढलंय. ‘मुक्त बीज, सर्वांचं’ हे नाव काकांचं. पुढच्या हंगामात इथं मोठा मांडव दुधीचाच असणार. सकाळी चहाऐवजी दुधीचा कच्चा रस घ्यायचा असं ठरलंय, आणि त्यावर मात्र लगेच एकमत झालं.

तुझी
छोटी


३० सप्टेंबर

छोटे,

पुडी मिळाली. चित्र पाहिलं. दुधीला डोळे का काढलेत?

एकच विचारते, एका शब्दात लिही. हे बी दोऱ्याच्या दुधीचं आहे का?

ताई


१२ ऑक्टोबर

हो ताई.

छोटी


१४ एप्रिल

छोटे,

कालपासून तुमच्या पेटीत फोन करतेय. पेटीत वाजून वाजून त्याचाच घसा बसला असेल. हे पत्र दुधाच्या गाडीवाल्याच्या हाती देतेय, पहाटे तो तुमच्या फाट्यावरून जातो, फाटकापर्यंत नेऊन देईन म्हणाला.

दुधी खाऊ नका. रस काढू नका. एक थेंब नाही.

तुझ्या पुडीतलं बी मी फेब्रुवारीत लावलं. पाच वेल. काल पहिल्या वेलाचा कोवळा दुधी कापला, आईच्या सवयीनं कच्ची फोड जिभेला लावली. थुंकले, चूळ भरली, तरी तासभर जीभ जड होती. दुसऱ्याचा चाखला, तोही तसाच. शिजवून जात नाही हा कडूपणा, उकळून जात नाही, वर साखर घालून जात नाही. तुमच्यातलं कुणीतरी म्हणेलच की कडू ते औषध, म्हणून लिहितेय. ते विष आहे.

प्रत्येक वेलाची फोड आधी जिभेच्या टोकावर लाव. कडू लागली की थुंक आणि वेल मुळासकट काढ. बैठक नंतर घ्या.

तू ‘हो ताई’ लिहिलं होतंस.

ताई


२३ एप्रिल

ताई,

दुधाच्या गाडीला उशीर झाला, तुझं पत्र दहाला पोचलं. रस आम्ही सातला घेतला होता.

सांगते सगळं. हंगामातला पहिला दुधी म्हणून समारंभानं रस काढला. मी तोंडाला लावला आणि खाली ठेवला. साहेबांनी दोन घोट घेतले. बाकीच्यांनी ओठ ओले करून तोंडं वाकडी केली. काका मात्र म्हणाले, तुमच्या जिभा साखरेनं बिघडल्यात, कडू म्हणजे यकृताची साफसफाई, आणि सगळ्यांसमोर पेला रिकामा केला. वर माझाही घेतला, वाया जाऊ नये म्हणून.

अर्ध्या तासात ओकाऱ्या सुरू झाल्या. नंतर रक्त पडायला लागलं. ॲम्ब्युलन्स बोलवायची तर फोन पेटीत, पेटीची किल्ली काकांच्या कमरेला, आणि काका न्हाणीघरात आतून कडी लावून बसलेले. साहेब स्वतः पोट धरून वाकलेले, तरी पहार आणली आणि पेटी फोडली. ते दृश्य मी विसरणार नाही. फुटलेल्या पेटीत सहा फोन, आणि त्यातल्या माझ्यावर तुझे एकोणीस फोन येऊन गेलेले.

साहेब दोन दिवसांत घरी आले. काका सहा दिवस दवाखान्यात होते. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं वाचले म्हणायचे. आता मऊ भात खातात आणि कुणाशी बोलत नाहीत.

तू विचारलं नाहीस, पण तुला माहीत आहे मी काय लिहिणार ते.

दोरे मीच कापले, ताई. गेल्या मे महिन्यात, तुला ते मांडवाचं पत्र टाकलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी. पाळी बदलली होती. मास्तरीणबाईंनी बैठकीत विचारलं, फुलांच्या तोंडाला हे दोरे कुणी बांधले? काका म्हणाले, फुलांनासुद्धा मुसक्या? सगळे हसले. वाईट हसणं नव्हतं ते, पण सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, माझ्या बहिणीचं खूळ आहे ते, ती फारशी शिकलेली नाही. मग उठले, कात्री आणली आणि एकेक दोरा कापला. लाल दोरेसुद्धा. कापा असं कुणी म्हणालं नव्हतं. कापून झाल्यावर टाळ्या वाजल्या. मला बरं वाटलं, ताई. हेच सांगायचं होतं, मला बरं वाटलं.

तुंबा उपटण्याबद्दल तू लिहिलंस तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. तरी मी दोरे आहेत असं लिहिलं. मग सप्टेंबरात मिळेल त्या दुधीचं बी पुडीत भरलं. तू विचारलंस तेव्हा खरं लिहायला बसले होते. दोन पानं लिहून फाडली.

इथले सगळे वेल चाखले, चौदा होते. एकही गोड नाही. कडू वेलांनाही जगायचा हक्क आहे का यावर काल तीन तास चर्चा झाली. मी मधेच उठून गेले आणि सगळे उपटून आले. आता माझ्याशी कुणी बोलत नाही. त्याचं काही वाटत नाही.

तुझ्याकडचं अर्धं बी आहे ना? जुनं, राखेतलं? तेवढं आहे या भरवशावर मी हे लिहू शकले.

छोटी


३० एप्रिल

छोटे,

पत्र वाचलं. या वेळी एका दिवसात वाचलं, कारण यात एकही न कळणारा शब्द नव्हता.

आधी तुझ्या काकांबद्दल. विषाचा पेला बघून ज्याला आपल्या यकृताचं कौतुक सुचतं त्याच्या कमरेला तुम्ही किल्ली बांधलीत. आणि मला खुळी म्हणालात. वाचला ते बरं झालं. मऊ भात खाऊ दे.

आता तुझ्याबद्दल. मी चौथीत शाळा सोडली. तू तेव्हा रांगत होतीस आणि आई कामावर जायची, घरात कुणीतरी लागत होतं. मला त्याचं कधी काही वाटलं नाही, कारण मला शाळा आवडतही नव्हती. पण ‘ती फारशी शिकलेली नाही’ हे तू सांगितलंस ते खरं सांगण्यासाठी नाही, आपल्यापासून मला जरा लांब सरकवण्यासाठी. तेवढं मला कळतं. त्याला शाळा लागत नाही. टाळ्या वाजवणाऱ्यांचा मला राग नाही, ती परकी माणसं, त्यांना टाळ्यांशिवाय येतं तरी काय. तू मात्र त्या दोऱ्यांमागचा हात ओळखत होतीस.

हे एवढंच. यावर परत लिहिणार नाही आणि तूही लिहू नकोस. माफीची चार पानं मला वाचायची नाहीत.

अर्धं बी नाही. कधीच नव्हतं. सगळं तुला पाठवलं होतं. गेल्या वर्षी जानेवारीत मी न्हाणीत पडले. मणका सरकला. डॉक्टर म्हणाला वाकायचं नाही, हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. त्या साली मला वेल लावणं होणार नव्हतं, आणि आदल्या दोन सालांत जे उरलं होतं तेवढंच बी होतं, आणखी एक साल ठेवलं असतं तर उगवलंच नसतं. तू मागितलंस ते बरं झालं असंही मला वाटलं होतं. ते तुला लिहायचा प्रश्नच नव्हता. तू धावत आली असतीस, पुस्तक घेऊन, माझी पाठ कशी सांभाळायची ते मला वाचून दाखवायला. म्हणून अर्धं ठेवलंय लिहिलं. तू एक खोटं बोललीस, मी एक. माझ्या खोट्यानं कुणी दवाखान्यात गेलं नाही, एवढा फरक.

या साली खड्डे शिवणवालीनं खणून दिले, मी उभ्यानंच बी टाकलं.

आता ऐक. पाचही वेल चाखले. चार कडू, ते काढले. पाचवा गोड आहे. तीन वेगवेगळ्या दिवशी तीन दुधी चाखले, शिवणवालीलाही चाखायला लावलं, ती म्हणाली यात मीठ तेवढं हवं. आखूड, फिकट, साल कोवळी. तोच आहे.

पण कडू वेल काढायच्या आधी शेजारीच फुलले होते, म्हणून गोड वेलावर धरलेलं प्रत्येक फळ मी तोडायला लावलं. आता वेल रिकामा आहे. पुढच्या आठवड्यात नव्या कळ्या उमलायला येतील. त्या बांधल्या तर बी आहे, नाही बांधल्या तरी कदाचित असेल, पण मागच्या आळीत कुणी काय लावलंय ते मला आता जाऊन बघता येत नाही, आणि कदाचितवर मी साधी भाजीसुद्धा सोडत नाही, हे तर आईचं बी आहे. सगळ्या कळ्या मांडवाच्या वरच्या अंगाला आहेत. माझा हात पोचत नाही. शिवणवाली म्हणाली, मी बांधते, दोरा तर माझा रोजचाच. तिला मी नको म्हटलं. का ते तुला सांगायला बसत नाही.

सोमवारी सकाळच्या बसनं नीघ, दुपारच्या आत पोच. फळ धरून वाळेपर्यंत राहावं लागेल, म्हणजे पावसाळा अर्धा सरेल. साहेबाला विचार, पण सहा जणांना विचारायला बसणार असशील तर येऊच नकोस. एकटी ये. येताना ज्ञान आणू नकोस, जुन्या दोन साड्या आण, इथं चिखल आहे.

दार वाजवू नकोस, ढकललं की उघडेल. पडल्यापासून वरची कडी मला लावता येत नाही.

ताई